चीनमध्ये 56च समूह का? एका सरकारी यादीचा प्रवास

8 ऑगस्ट 2008. बीजिंग ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा. चीनचा राष्ट्रध्वज मैदानात आला तो 56 मुलांच्या सोबतीने. प्रत्येकाच्या अंगावर वेगळा पारंपरिक पोशाख: कोणी तिबेटी, कोणी मंगोल, कोणी उइगुर. ही मुलं देशातल्या 56 समूहांची आहेत, असं जगाला सांगण्यात आलं. आठवडाभरात बातमी फुटली. सगळी मुलं एकाच बालकला पथकातली होती आणि हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाची होती. कलाकार निरनिराळे कपडे घालतातच, त्यात एवढं काय, असं आयोजकांचं म्हणणं पडलं.

फेब्रुवारी 2022 मध्ये हिवाळी ऑलिम्पिक पुन्हा बीजिंगलाच झालं. या वेळी 56 समूहांचे प्रतिनिधी ध्वज हातोहात पुढे देत होते आणि त्यांत एक तरुणी हानबोक घालून उभी होती. हा कोरियाचा पोशाख. दक्षिण कोरियात गदारोळ झाला. चीन आता आमची संस्कृतीही पळवतोय, अशी ओरड झाली. चीनचं उत्तर तयार होतं: आमच्याकडे 17 लाख कोरियन लोक राहतात, ते आमच्या 56 पैकीच एक आहेत.

दोन्ही वेळा भांडण पोशाखावरून झालं. आकड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पण खरी मेख तिथेच आहे. 140 कोटींच्या देशात नेमके 56 समूह कसे निघाले? मोजले कोणी? हे प्रश्न आत्ता विचारायला कारणही आहे. सप्टेंबर 2025 मध्ये 'वांशिक एकता' बळकट करण्यासाठीच्या एका नव्या कायद्याचा मसुदा चीनच्या संसदेच्या स्थायी समितीपुढे आला. ज्या राजवटीने ही यादी केली, तीच राजवट यादीतल्या रेघा पुसट करू पाहते आहे. हे समजून घ्यायचं तर सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

## ओळखपत्रावरचा एक रकाना

चीनमधल्या प्रत्येक नागरिकाकडे ओळखपत्र असतं. त्यावर नाव, लिंग, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो असतो. शिवाय एक रकाना असतो 'मिन्झू'चा. राष्ट्र, वंश, जमात या तिन्हींची छटा या शब्दात आहे. आपण इथे साधं 'समूह' म्हणू. सरकारने मान्य केलेल्या 56 समूहांपैकी एक त्या रकान्यात लिहिलेला असतो. 2020 च्या जनगणनेत हान 91.11 टक्के भरले. उरलेले 55 समूह मिळून 8.89 टक्के. टक्का लहान वाटतो, पण माणसं होतात साडेबारा कोटी, म्हणजे जवळपास अख्खा महाराष्ट्र.

आई एका समूहाची आणि वडील दुसऱ्या समूहाचे असतील तर मुलासाठी दोन्हींतला एक निवडायचा. दोन्ही लिहिता येत नाहीत, 'मिश्र' असं लिहिता येत नाही. सज्ञान झाल्यावर ठरावीक मुदतीत बदलायची एक संधी मिळते, पुढे नाव कायमचं चिकटतं.

त्या नावावर बरंच काही अवलंबून होतं. एक मूल धोरणाच्या काळात अल्पसंख्य समूहांना बहुतेक ठिकाणी दुसऱ्या, काही ठिकाणी तिसऱ्या मुलाची मुभा होती. विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत, 'गाओकाओ'त, वाढीव गुण मिळत. स्वायत्त प्रदेशांमध्ये प्रशासनाचा प्रमुख त्या समूहाचाच असावा, असा कायदा आहे. (पक्षाचा सचिव मात्र बहुधा हान असतो, आणि चीनमध्ये कोणाचा शब्द चालतो हे वेगळं सांगायला नको.) निजामकालीन दफ्तरात आजोबा-पणजोबांपुढे काय नोंद आहे यावर नातवाचं काय काय ठरतं, हे मराठवाड्यातल्या वाचकाला समजावण्याची गरज नाही. चीनमधला हा रकाना तसाच जड आहे.

## नाव विचारलं, तर 400 निघाली

1949 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, तेव्हा अशी यादी त्यांच्याकडे नव्हती. होती ती वचनं. 1931 मध्ये च्यांगशीच्या डोंगराळ भागात त्यांनी जे छोटं 'सोव्हिएत' राज्य चालवलं, त्याच्या घटनेत अल्पसंख्यांना वेगळं होण्याचा हक्कसुद्धा लिहून दिला होता. सत्ता हाती येईपर्यंत तो हक्क गळाला. उरली स्वायत्तता आणि प्रतिनिधित्व. पण प्रतिनिधी द्यायचे तर समूह किती, हे कळायला नको का?

1953 ची जनगणना त्यासाठी मोठी संधी होती. विचारण्याची पद्धत साधी आणि म्हटलं तर मोठ्या मनाची होती: तुम्ही स्वतःला काय म्हणवता ते सांगा, आम्ही लिहून घेतो. लोकांनी सांगितलं. देशभरातून 400 हून अधिक नावं जमा झाली. एकट्या युन्नान प्रांतातून 200 हून जास्त. त्यांतल्या काही नावांपुढे लोकसंख्या होती: एक.

यात गमतीचं काही नव्हतं. युन्नान हा देशाचा नैऋत्य कोपरा, म्यानमार, लाओस आणि व्हिएतनामला खेटून असलेला. उंच डोंगर, खोल दऱ्या. कोणी आपल्या गावाचं नाव सांगितलं, कोणी कुळाचं, कोणी शेजारी ज्या नावाने हाक मारतात ते. 'तुम्ही कोण' या प्रश्नाला एकच ठाशीव उत्तर असतं आणि ते आयुष्यभर बदलत नाही, ही कल्पना सरकारची होती. डोंगरातल्या माणसाची ती असायलाच हवी असं नव्हतं.

## युन्नानमधले काही महिने

1954 मध्ये बीजिंगहून संशोधकांचं पथक युन्नानला पोहोचलं. पथकाची धुरा हार्वर्डमध्ये शिकलेले मानववंशशास्त्रज्ञ लिन याओहुआ यांच्याकडे होती. काम एकच: या 200 हून अधिक नावांची संख्या झेपेल इतकी खाली आणायची. हाताशी वेळ होता जेमतेम सहा महिन्यांचा.

कसोटी अधिकृतपणे स्टालिनची होती. 1913 मध्ये त्याने राष्ट्राची चार लक्षणं सांगितली होती: सामाईक भाषा, सामाईक प्रदेश, सामाईक अर्थव्यवहार आणि संस्कृतीतून दिसणारी सामाईक मनोवृत्ती. युन्नानमध्ये ही कसोटी लावायला गेलं की हातात काहीच लागत नव्हतं. एकाच डोंगरावर खाली एक समूह, मध्ये दुसरा, वर तिसरा. बाजार सगळ्यांचा एकच. सामाईक प्रदेश कोणाचा म्हणायचा?

मग पथकाने भाषेचा आधार घेतला. अमेरिकी इतिहासकार थॉमस मुलानी यांनी या पथकाची कागदपत्रं धुंडाळली, तेव्हा एक भन्नाट धागा सापडला. तो धागा थेट ब्रिटिश भारतापर्यंत येतो. 1890 च्या दशकात एच. आर. डेव्हिस नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी युन्नान पालथा घालत होता. ब्रिटिश भारतातून (तेव्हा ब्रह्मदेश भारतातच मोडत असे) यांगत्से नदीपर्यंत रेल्वे नेता येईल का, हे त्याला पाहायचं होतं. जाता जाता तो वाटेतल्या लोकांचे शब्द टिपून घेई आणि सारखे शब्द असलेल्यांना एका गटात टाकी. ती मांडणी 1909 मध्ये पुस्तकात आली. रेल्वे काही झाली नाही. वर्गीकरण मात्र चिनी विद्वानांनी उचललं, त्यात दुरुस्त्या केल्या आणि पिढीभराने 1954 चं पथक त्याच चौकटीच्या आधाराने कामाला लागलं. साम्राज्यवादाचा नायनाट करायला निघालेल्या सरकारची मोजपट्टी एका साम्राज्याच्या रेल्वे सर्वेक्षकाकडून आली होती. इतिहासाला असले विनोद फार आवडतात.

शब्द जुळले की काम संपत नसे. पथक निरनिराळ्या गटांच्या पुढाऱ्यांना एकत्र बसवी. तुमच्या भाषा इतक्या जवळच्या आहेत, तुम्ही मुळात एकच आहात, असं पटवून देई. कोणी लगेच मानलं, कोणी कुरकुर केली. आज 'यी' या नावाखाली सुमारे 98 लाख लोक मोडतात. त्यांतल्या नोसू, सानी, लोलोपो अशा उपगटांच्या बोली एकमेकांना कळतीलच असं नाही. पण यादीत ते एक आहेत.

1954 पर्यंत 38 अल्पसंख्य समूह मान्य झाले. 1964 पर्यंत आणखी 15. 1965 मध्ये एक, 1979 मध्ये युन्नानचे जिनुओ. एकूण 55, आणि हान धरून 56. त्यानंतर दार बंद झालं, ते आजतागायत बंदच आहे.

## जे बसले नाहीत त्यांचं काय?

स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. वाट्या सातच. आठवा जिन्नस आला तर डबा मोठा होत नाही. तो कुठल्यातरी वाटीत दुसऱ्यासोबत जातो, नाहीतर पुडीतच राहतो. चीनमध्ये दोन्ही झालं.

लुगू सरोवराच्या काठी मोसुओ राहतात. त्यांच्याकडे घर आईकडून मुलीकडे चालतं. पुरुष रात्री जोडीदारणीकडे जातो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. मुलं आईच्या घरात मामांच्या देखरेखीखाली वाढतात. हे सरोवर युन्नान आणि सिचुआन या दोन प्रांतांच्या सीमेवर आहे. युन्नानच्या काठावरच्या मोसुओंना सरकारने 'नाशी' समूहात टाकलं, सिचुआनच्या काठावरच्यांना 'मंगोल' समूहात. पाणी एक, चालीरीती एक, नात्यागोत्याचे लोक, आणि ओळखपत्रावर दोन वेगळे समूह. पुढे युन्नानच्या बाजूला 'मोसुओ लोक' असं म्हणवून घ्यायची परवानगी मिळाली, पण स्वतंत्र समूहाचा दर्जा नाही.

गुइझोऊ प्रांतातले छुआनछिंग तर सगळ्याच यादीबाहेर राहिले. ते स्वतःला वेगळे मानतात. 1950 च्या दशकात तज्ज्ञांनी तपासणी केली आणि निकाल दिला, की हे मिंग राजवटीच्या काळात दक्षिणेत आलेल्या सैनिकांचे वंशज, म्हणजे मूळचे हानच. छुआनछिंगांना हे मान्य नाही. त्यांची संख्या काही लाखांत आहे, यादीतल्या कितीतरी मान्य समूहांपेक्षा जास्त. 2020 च्या जनगणनेत 'ओळख निश्चित न झालेले' या रकान्यात 8 लाखांहून अधिक लोक होते, त्यांत हे मोठ्या संख्येने.

आणि एक वाटी राजकारणासाठी राखून ठेवलेली आहे. तैवानच्या मूळ रहिवाशांना चीनने सरसकट 'गाओशान' हे एकच नाव दिलं. तैवानचं सरकार त्यांच्यात 16 वेगवेगळ्या जमाती मानतं. चीनच्या मुख्य भूमीवर गाओशान जेमतेम काही हजार असतील. तरीही 56 मध्ये त्यांचं असणं बीजिंगला गरजेचं आहे, कारण तैवान आपलाच आहे असं यादीनेही म्हणायला हवं.

## मग हे सगळं बनावटच म्हणायचं का?

सगळ्यात पहिला आक्षेप हाच येतो, आणि अभ्यासक इथेच सावध होतात. नाव सरकारने दिलं म्हणून ओळख खोटी ठरत नाही. नाव एकदा मिळालं की माणसं त्यात राहू लागतात.

मांचूंचं उदाहरण घ्या. 1644 ते 1912 चीनवर राज्य केलेला हा समाज. राजवट कोसळल्यावर त्यांच्यावर हल्ले झाले आणि अनेकांनी आपली ओळख लपवली. 1982 च्या जनगणनेत ते 43 लाख होते. 1990 मध्ये 98 लाख. आठ वर्षांत दुप्पट! बाळंतपणांनी हे होत नाही. सवलती मिळू लागल्या, शिवाय ओळख सांगणं सुरक्षित झालं. लोकांनी जुने कागद, वंशावळी शोधल्या आणि नोंद बदलून घेतली. यातले लोभी किती आणि आजीची दबलेली ओळख परत मिळवणारे किती, हे कोणत्याच तक्त्यातून वेगळं काढता येणार नाही. मला विचाराल तर एकाच माणसाच्या मनात दोन्ही असू शकतं.

याहून बोलकं उदाहरण फुजियान किनाऱ्यावरचं. छ्वानझोऊ शहराजवळ चेनदाई इथे डिंग आडनावाचं मोठं कुळ राहतं. शतकांपूर्वी समुद्रमार्गे आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांचे हे वंशज. आता त्यांची बोली स्थानिक, राहणी स्थानिक, बहुतेक जण नमाज पढत नाहीत आणि डुकराचं मांस खातात. तरी 1979 मध्ये सरकारने त्यांना 'हुई', म्हणजे चिनी मुस्लिम समूहात मान्यता दिली. आधार होता वंशावळीचा. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ड्रू ग्लॅडनी त्यांच्यात राहून आले. त्यांनी टिपलेली एक गोष्ट फार मोलाची आहे. डिंग मंडळी स्वतः डुकराचं मांस खातात, पण पूर्वजांच्या नैवेद्यात ते ठेवत नाहीत, कारण पूर्वज मुसलमान होते. याला बनावट कोण म्हणेल? मान्यता मिळाल्यानंतर या कुळातल्या अनेकांचं इस्लामविषयीचं कुतूहल वाढलं, बाहेरच्या मुस्लिमांशी संबंध वाढले. आधी रकाना आला, मग त्यात जीव आला.

उइगुरांबाबत हे विशेष जपून बोलावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या शिनजियांगमधला, म्हणजे चीनच्या वायव्य टोकाचा, माणूस स्वतःला काशगरचा, तुर्फानचा किंवा नुसता मुसलमान म्हणत असे. 'उइगुर' हे प्राचीन नाव आधुनिक अर्थाने 1921 च्या सुमारास सोव्हिएत मध्य आशियात पुन्हा वर आलं आणि 1930 च्या दशकात शिनजियांगमध्ये अधिकृत झालं. म्हणून उइगुर ही 'कृत्रिम' ओळख आहे, असा निष्कर्ष काढायला काही जण टपलेलेच असतात. पण एकोणिसाव्या शतकापर्यंत इटालियन तरी कुठे स्वतःला इटालियन म्हणवत होते? 2017 पासून शिनजियांगमध्ये जी सामूहिक नजरकैद झाली, तिच्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 31 ऑगस्ट 2022 च्या अहवालात म्हटलं, की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. ज्यांना उइगुर म्हणून डांबलं, त्यांच्यापुढे ही ओळख घडवलेली आहे की उपजत, ही चर्चा गैरलागू आहे.

## आणि हान? ते तर एक आहेत ना?

128 कोटी लोक एका नावाखाली. ग्वांगडोंगमधला कँटोनीज बोलणारा, फुजियानमधला मिन्नान बोलणारा, हक्का आणि बीजिंगवाला हे चौघे आपापल्या घरच्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांचं बोलणं कळणार नाही. लिपी आणि शाळेत शिकलेली प्रमाण चिनी यांनी त्यांना बांधून ठेवलंय. युन्नानच्या पथकाची भाषेची कसोटी हानांना लावली असती तर त्यांचे किती समूह झाले असते, असा खोचक प्रश्न अभ्यासक विचारतात. ती कसोटी कोणी लावली नाही, कारण बहुसंख्यांना कोणी मोजायला जात नाही. ते इतरांना मोजतात.

मजा अशी की, सगळ्यांकडे रंगीबेरंगी पोशाख आणि आपणच बिनचेहऱ्याचे, ही खंत हान तरुणांनाही वाटू लागली. जगभर 'चिनी पोशाख' म्हणून ओळखला जाणारा छीपाव मूळचा मांचूंच्या राजवटीतून आलेला. म्हणून साधारण 2003 पासून 'हानफू' चळवळ सुरू झाली: मांचूंच्या आधीच्या काळातले ऐसपैस बाह्यांचे कपडे शिवायचे, घालून रस्त्यावर फिरायचं. आज हा मोठा बाजार आहे. त्याच्या एका टोकाला नुसती हौस आहे, दुसऱ्या टोकाला मांचूंविरुद्ध विखार ओकणारे हान राष्ट्रवादी. सरकारला हौस चालते, विखार नको असतो.

## यादी करणाऱ्यांनाच आता ती का खुपते?

हा वाद नवा नाही. 1939 मध्ये जपानशी युद्ध चालू असताना इतिहासकार गू जिएगांग यांनी कुन्मिंगच्या एका वृत्तपत्रात लेख लिहिला: चिनी राष्ट्र एकच आहे, त्यात अनेक राष्ट्रं आहेत असं म्हणणं बंद करा. भीती खरी होती. जपानने 1932 मध्ये मांचूंच्या नावाने ईशान्य भाग तोडून बाहुलं राज्य उभं केलंच होतं. त्यांना उत्तर दिलं तरुण समाजशास्त्रज्ञ फेई शियाओतुंग यांनी. त्यांचा मुद्दा असा, की समूह वेगळे आहेत हे नाकारायची गरज नाही; राजकीय ऐक्यासाठी सगळ्यांनी एकसारखं असावं लागत नाही.

फेईंनी हे पुस्तकं वाचून म्हटलं नव्हतं. 1935 मध्ये ते पत्नी वांग तुंगहुई यांच्यासह ग्वांगशीच्या डोंगरात याओ लोकांचा अभ्यास करत होते. लग्नाला चार महिनेही झाले नव्हते. वाटेत फेई वाघासाठी लावलेल्या सापळ्यात अडकून जबर जखमी झाले. पत्नी मदत आणायला धावली ती परतली नाही. काही दिवसांनी तिचा मृतदेह ओढ्यात सापडला. पुढे फेई लंडनला मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्कींकडे शिकले, 1950 च्या दशकात समूहांच्या ओळखीच्या कामात गुंतले, 1957 मध्ये 'उजवे' ठरवून बाजूला फेकले गेले, आणि माओंनंतर परत आले. 1988 मध्ये हाँगकाँगच्या व्याख्यानात त्यांनी दोन्ही टोकं सांधली: समूह अनेक आहेत, पण शतकानुशतकांच्या देवाणघेवाणीतून त्यांचं एक चिनी राष्ट्र घडलं आहे. 'अनेकांची एकी' हे त्यांचं सूत्र सरकारने उचललं. त्यातला 'अनेक' मोठ्याने म्हणायचा की 'एक', यावर पुढचं सगळं राजकारण झालं.

1991 मध्ये सोव्हिएत संघ नेमका समूहांच्या रेघांवरून फुटला आणि बीजिंगने त्याचा धसका घेतला. 2008 मध्ये तिबेटच्या ल्हासात, 2009 मध्ये शिनजियांगच्या उरुम्चीत दंगली झाल्या. बीजिंगचे समाजशास्त्रज्ञ मा रोंग आधीपासून म्हणत होते, की समूहांना राजकीय दर्जा देऊन आपण सोव्हिएत चूक गिरवतोय. 2011 मध्ये हू आनगांग आणि हू लिएनह या दोन अभ्यासकांनी 'दुसऱ्या पिढीचं धोरण' मांडलं: रकाना आणि सवलती हळूहळू मोडीत काढा, सगळ्यांना एका मुशीत ओता. मुशीची यशस्वी उदाहरणं म्हणून त्यांनी अमेरिका, ब्राझील आणि चक्क भारताचं नाव घेतलं. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या, भाषावार राज्यं आणि जात प्रमाणपत्र पडताळणी समित्या असलेला आपला देश त्यांना मुशीसारखा दिसला! दुरून डोंगर साजरे, एवढंच म्हणता येईल.

शी जिनपिंग यांच्या काळात यातलं बरंचसं गाजावाजा न करता अमलात आलं. सगळ्या समूहांनी 'डाळिंबाच्या दाण्यांसारखं' घट्ट बिलगून राहावं, ही घोषणा भिंतीभिंतींवर दिसते. अनेक प्रांतांनी परीक्षेतले वाढीव गुण कमी केले किंवा थांबवले. डिसेंबर 2020 मध्ये वांशिक व्यवहार आयोगाच्या प्रमुखपदी हान माणूस आला. 1954 नंतर पहिल्यांदाच. त्याच वर्षी इनर मंगोलियात भाषा, राजकारण आणि इतिहास हे तीन विषय मंगोल भाषेऐवजी प्रमाण चिनीत शिकवायचा आदेश निघाला. पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं, निदर्शनं झाली, सरकारने ती मोडून काढली. जानेवारी 2021 मध्ये संसदेच्या कायदेविषयक आयोगाने जाहीर केलं, की अल्पसंख्य भाषेतून शिकवण्याची सक्ती करणारे स्थानिक नियम राज्यघटनेशी विसंगत आहेत. आपली भाषा वापरण्याचं स्वातंत्र्य देणारं कलम त्याच राज्यघटनेत आहे.

बदल किती दूरचा आहे हे नोटांवरही दिसतं. 1980 सालच्या मालिकेत एक युआनच्या नोटेवर डोंग आणि याओ, दोन युआनवर उइगुर आणि यी, पाच युआनवर तिबेटी आणि हुई, दहा युआनवर हान आणि मंगोल चेहरे होते. 1999 च्या मालिकेपासून सगळ्या नोटांवर माओ. मागच्या बाजूला मंगोल, तिबेटी, उइगुर आणि झुआंग भाषेतली बारीक अक्षरं अजून टिकून आहेत.

## बाहेरच्यांना हे सगळं कळतं कसं?

1980 आणि 90 च्या दशकांत दारं किलकिली होती. ग्लॅडनींसारखे लोक गावांत राहू शकले. मुलानींनी जुनी कागदपत्रं पाहिली, पथकातल्या हयात सदस्यांशी बोलले. आता शिनजियांग-तिबेटमध्ये स्वतंत्र क्षेत्रकार्य जवळजवळ अशक्य आहे. अभ्यासक सरकारी निविदा, उपग्रहचित्रं, पाठ्यपुस्तकांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या आणि देशाबाहेर पडलेल्यांच्या मुलाखती यांवर भागवतात. अशा पुराव्याला मर्यादा असतात. परदेशात पोहोचलेला माणूस सगळ्या समाजाचा नमुना नसतो.

किंमत मात्र आतल्या अभ्यासकांनी मोजली. बीजिंगच्या मिन्झू विद्यापीठातले उइगुर अर्थतज्ज्ञ इलहाम तोहती यांना सप्टेंबर 2014 मध्ये जन्मठेप झाली. त्यांनी स्वातंत्र्य मागितलं नव्हतं, स्वायत्ततेचा चीनचाच कायदा नीट पाळा एवढं म्हणत होते. उइगुर दर्गे आणि लोकपरंपरांच्या अभ्यासक राहिले दाऊत 2017 च्या अखेरीस बेपत्ता झाल्या. त्यांनाही जन्मठेप झाल्याचं 2023 मध्ये जगाला समजलं.

## यात आपला काय संबंध?

संबंध अरुणाचलचा आहे. चीन अधूनमधून तिथल्या ठिकाणांना आपली नावं देतो; मे 2025 मध्ये अशी 27 नावं आली. बातमी नावांची होते, पण दावा त्याहून जुन्या कागदावरही उभा आहे. चीनच्या 56 मध्ये 'मोंबा' आणि 'लोबा' असे दोन समूह आहेत. 1964 आणि 1965 मध्ये, म्हणजे 1962 च्या भारत-चीन युद्धानंतर लगेच, त्यांना मान्यता मिळाली. 2020 च्या जनगणनेत चीनमध्ये मोंबा 11 हजारांच्या आसपास होते, लोबा 4 हजारांच्या थोडे वर. एवढ्या लहान समूहांना दर्जा आणि लाखांनी असलेल्या छुआनछिंगांना नाही, हे कसं, असं वाटेल. कारण मोंबांचे भाऊबंद तवांगमध्ये मोनपा म्हणून राहतात, आणि 'लोबा' या एका नावाखाली चीन अरुणाचलच्या आदी, न्यीशी, तागिन अशा अनेक जमाती धरतो. गाओशान जे काम तैवानसाठी करतात, तेच लोबांकडून इथे करून घेतलं जातं.

पण याद्या शेजाऱ्याच्या यादीशी जुळत नाहीत, आणि त्याचा नमुना मिश्मींमध्ये सापडतो. भारताच्या अनुसूचित जमातींच्या यादीत इदू, दिगारू आणि मिजू हे तिघेही मिश्मी. सीमेपलीकडे चीनने इदूंना लोबांमध्ये घातलं. दिगारू आणि मिजू बोलणारे जे थोडे लोक तिबेटच्या झायू भागात राहतात, त्यांना तिथे 'देंग' म्हणतात, आणि ते 56 पैकी कशातच मोडत नाहीत. त्यांची मोजणी आजही 'ओळख निश्चित न झालेले' याच रकान्यात होते.